मेसेज गेला, पण आईचा फोन वाजलाच नाही: घरच्यांच्या व्हॉट्सॲपची नेहमीची तक्रार आणि तिचा उपाय

लेक सकाळपासून मेसेज टाकतेय, दुपारी तिनं दोनदा कॉलही केला. दिवेलागणीनंतर आईनं सहज व्हॉट्सॲप उघडलं आणि दिवसभराचे मेसेज एकदम धडाधड येऊन पडले, मिस्ड कॉलसकट. आई म्हणते फोन शेजारीच होता, वाजलाच नाही. लेक म्हणते तू बघतच नाहीस. दोघीही खरं बोलत असतात, आणि तरी त्यांच्यात रुसवा येतो.

आमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांत अशा तक्रारी फिरून फिरून माझ्याकडे येतात. फोन दुकानात नेला की तो बंद-चालू करून मिळतो, चार दिवस नीट चालतो आणि पुन्हा तेच. मूळ कारण जागच्या जागी राहतं म्हणून असं होतं. ते शोधायचं तर आईच्या फोनमधली सेटिंग्ज अंदाजानं उलटीपालटी करत बसू नका. आधी पाठवणाऱ्याच्या फोनकडे बघा. अर्धं निदान तिथंच होतं.

टिक काय सांगतात

मेसेजखाली एकच टिक असेल तर तो तुमच्या फोनवरून निघाला, आईपर्यंत पोचलेला नाही. दोन करड्या टिक म्हणजे पोचला. दोन निळ्या म्हणजे उघडून वाचला. आईनं ॲप उघडेपर्यंत एकच टिक राहते आणि उघडल्याबरोबर दोन होतात, असं वारंवार होत असेल तर दोष नेटचा किंवा बॅटरीच्या सेटिंगचा. दोन टिक लगेच येतात पण आईला कळतच नाही, तर मेसेज पोचतोय, फक्त आवाज दबलाय. या दोन दुखण्यांची औषधं अगदी वेगळी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला देण्यातच बहुतेकांचा वेळ जातो.

कॉलचंही तसंच. व्हॉट्सॲप कॉल लावल्यावर तुमच्या स्क्रीनवर 'कॉलिंग' हेच अक्षर शेवटपर्यंत राहिलं, तर समोरच्या फोनला कॉलचा पत्ताच लागलेला नाही. 'रिंगिंग' झालं तर कॉल तिथपर्यंत गेला. मग आई वाजला नाही म्हणत असेल तर आवाजाकडे बघायचं. परदेशातल्या मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: कॉलिंग दिसत होतं की रिंगिंग?

निदान करताना एक अपवाद लक्षात ठेवा. मेसेज आईच्या फोनवर न जाता तिच्या खात्याला जोडलेल्या दुसऱ्या यंत्रावर गेला तरी दोन टिक दिसतात. नातवानं सुट्टीत आजीचं व्हॉट्सॲप लॅपटॉपवर जोडलं आणि तसंच ठेवलं, हे बऱ्याच घरांत सापडतं. आईच्या व्हॉट्सॲपमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन बघा, आणि ओळखीचं नाही ते सगळं तिथून काढून टाका. ते यंत्र परक्याचं असेल तर तो तुमच्या घरच्या गप्पा वाचत बसलेला असू शकतो, म्हणून फोन नीट वाजत असला तरी ही यादी एकदा बघाच.

एकच टिक राहत असेल तर

नेटचं आधी उरकून टाकू. रिचार्जची मुदत संपली आहे का, हे आईला विचारू नका, स्वतः तपासा. रोजच्या डेटाची मर्यादा दुपारीच संपली तर बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. साधा मेसेज रखडत का होईना जातो, व्हिडिओ कॉल लागत नाही. वायफाय असेल तर वेगळीच अडचण येते: वीज गेल्यावर राउटर परत सुरू होतो, फोन त्याला जोडलेला दिसतो, पण मागं इंटरनेट आलेलंच नसतं. अशा वेळी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. दोन टिक आल्या तर बोट राउटरकडे. गावाकडं वीज वारंवार जात असेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या. आणि सेटिंग्जमध्ये 'डेटा सेव्हर' चालू असेल तर एक तर तो बंद करा, नाही तर व्हॉट्सॲपला त्यातून सूट द्या.

नेट ठीक असूनही एकच टिक, तर आता खरं कारण. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो एका जागी पडून असेल तर अँड्रॉइड ॲपांना झोपवतं. बॅटरी टिकावी म्हणून. तातडीचा निरोप गूगलच्या सर्व्हरमार्फत आला की ॲपला क्षणभर जागं करायची सोय त्यात आहे, त्यामुळे मुळातल्या अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप सहसा अडत नाही. पण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोनांवर कंपनीनं त्याहून कडक अशी आपली वेगळी बॅटरी-व्यवस्था बसवलेली असते. सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमननं 'साहेब झोपलेत' म्हणून पोस्टमनला परत पाठवावं तसं ती करते. निरोप दारापर्यंत येतो, आत जात नाही.

हे सगळ्यात जास्त सोसतात ती वयस्कर माणसं. आपण दर पाच मिनिटांनी फोन उचलतो, त्यामुळे आपला फोन झोपेपर्यंत पुन्हा जागा होतो. आईचा फोन टीव्हीशेजारी किंवा देवघराच्या कट्ट्यावर तासन्‌तास तसाच पडलेला असतो. शिवाय जे ॲप कमी उघडलं जातं त्याला फोन 'हे लागत नाही' म्हणून आणखी मागं ढकलतो. म्हणजे ज्याला निरोप वेळेवर मिळण्याची जास्त गरज, त्याचाच फोन जास्त झोपाळू. तुम्ही हातात घेऊन बघितलं की सगळं ठणठणीत दिसतं, ते यामुळेच.

उपाय असा. व्हॉट्सॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो'त जा, तिथं 'बॅटरी' उघडा आणि 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. काही फोनवर एवढ्यानं भागतं. शाओमी, रेडमी, पोकोवर याच्या जोडीला 'ऑटोस्टार्ट' चालू करावं लागतं. ओप्पो आणि रियलमीवर बॅटरीच्या पानात 'अलाऊ बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी' आणि 'अलाऊ ऑटो लाँच' अशी दोन बटणं असतात, दोन्ही लागतात. विवोवर सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या भागात ॲपांच्या बॅकग्राउंड वापराची यादी असते, तिथून व्हॉट्सॲपवरचं बंधन काढायचं. सॅमसंगवर 'बॅकग्राउंड यूसेज लिमिट्स'मध्ये बघा. व्हॉट्सॲप 'डीप स्लीपिंग'च्या यादीत असेल तर तिथून काढा आणि 'नेव्हर स्लीपिंग'मध्ये घाला. अपडेटनुसार या नावांत थोडा फरक पडतो. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'बॅटरी' किंवा 'ऑटो' लिहिलं की वाट मिळते.

आता सवयीचं. सगळी उघडी ॲप सरकवून साफ करायची सवय खूप जणांना असते, आणि ती कोणीतरी काळजीपोटीच शिकवलेली असते: फोन गरम होतो, बॅटरी खातो वगैरे. काही फोनांवर असं साफ केलं की ॲप पार्श्वभूमीतूनही बंद पडतं. बंदच करा असं आईला सांगून फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा उघड्या ॲपांच्या त्या पडद्यावर व्हॉट्सॲपच्या चौकोनाला कुलूप लावा. वरच्या फोनांपैकी बहुतेकांवर ती सोय आहे, चौकोन दाबून धरल्यावर किंवा त्याच्या कोपऱ्यातल्या टिंबांवर सापडते. मग बाकीचं साफ झालं तरी व्हॉट्सॲप राहतं.

'फोन क्लीनर', 'बॅटरी बूस्टर' या नावांची ॲप मात्र सरळ काढून टाका, त्यात तडजोड नको. यातली काही इतर ॲपांना 'फोर्स स्टॉप' करतात, आणि फोर्स स्टॉप झालेल्या ॲपला ते हातानं उघडेपर्यंत एकही निरोप येत नाही. वर जाहिराती आहेतच.

दोन टिक येतात, पण कळत नाही

आमच्या इमारतीतल्या एका काकूंची मुलगी टोरंटोला असते. तिचे मेसेज येत, पण काकूंना कळत नसे. बाकी सगळ्यांचे कळत. काकूंना मी नेहमीसारखा फोन वापरून दाखवायला सांगितला. मुलीच्या नावावर त्या टिचकी मारत नव्हत्या, अंगठा ठेवून दाबत होत्या, दाराची बेल दाबावी तसा. त्यानं चॅट निवडलं जायचं, वरच्या पट्टीत पिन, डिलीट, म्यूट, आर्काइव्ह अशी चिन्हं उमटायची, आणि हे काय आलं म्हणून त्या घालवायला जाताना त्यातल्याच एकावर बोट पडायचं. मुलीचं चॅट आर्काइव्हमध्ये, म्हणजे बाजूला ठेवलेल्या चॅटांच्या यादीत, गेलं होतं. पूर्वी नवा मेसेज आला की असं चॅट आपोआप वर यायचं. २०२१ पासून ते तिथंच राहतं, आणि मेसेज आला तरी नोटिफिकेशन येत नाही. यादी वर नेऊन 'आर्काइव्ह्ड' उघडा, चॅट दाबून धरा, वरच्या बाणाच्या चिन्हानं बाहेर काढा. त्याच वेळी म्यूटचं चिन्ह नाही ना तेही बघा. काकूंचं मग मुलीचं चॅट सगळ्यात वर पिन करून दिलं आणि टिचकी कशी हलकी मारायची याचा सराव करून घेतला. दुरुस्तीतला महत्त्वाचा भाग तो सराव होता. एकाच माणसाचे मेसेज कळत नसतील तर कारण याच जातीचं असतं.

सगळ्यांचेच कळत नसतील तर नोटिफिकेशनची परवानगी बघा. अँड्रॉइड १३ पासून नवं ॲप पहिल्यांदा उघडताना ती विचारली जाते, आणि कुठल्याही चौकटीला 'नको' म्हणायचं हे आपणच घरच्यांना शिकवलेलं असतं. ॲप इन्फोमध्ये 'नोटिफिकेशन्स' चालू करा. तिथं आत मेसेज, ग्रुप आणि कॉल यांची वेगवेगळी बटणं असतात. एखादंच 'सायलेंट'वर पडलेलं असू शकतं.

कॉल 'रिंगिंग' दाखवतो पण वाजत नाही, आणि तो नव्या नंबरवरून केलाय? व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये, 'कॉल्स'खाली, 'सायलेन्स अननोन कॉलर्स' ही सोय २०२३ मध्ये आली. फसवणुकीचे कॉल वाढल्यावर बऱ्याच मुलांनी आईवडिलांच्या फोनवर ती चालू करून दिली, आणि ती चालूच ठेवावी असं माझं ठाम मत आहे. फक्त परदेशात गेल्यावर नवं सिम घेतलंत आणि व्हॉट्सॲप त्या नंबरवर नेलंत, तर तो नंबर आईच्या फोनमध्ये देशाच्या कोडसकट सेव्ह आहे ना बघा. नाही तर तुम्हीच अनोळखी ठरता. जुन्या खात्यातूनच 'चेंज नंबर' वापरून बदललात तर घरच्यांना कळवायची सोयही तिथंच मिळते.

दर नोव्हेंबरात उगवणारी एक तक्रार आहे. मुलगा न्यू जर्सीला, तो जेवणाच्या सुट्टीत दुपारी १२ वाजता कॉल करतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ असतात, आई जागी असते, फोन वाजतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं जातात आणि त्याचे १२ म्हणजे आपले साडेदहा होतात. आईच्या फोनवर १० पासून 'डू नॉट डिस्टर्ब', म्हणजे ठरल्या वेळी फोन गप्प ठेवणारी सोय, लावलेली असते. कोणीच काही बदललेलं नसतं आणि कॉल वाजायचा थांबतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो आपोआप 'दुरुस्त'ही होतो, त्यामुळे कारण वर्षानुवर्षं सापडत नाही. इंग्लंडमध्ये हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. झोपेची वेळ तासभर पुढं घ्या, नाही तर त्या सेटिंगच्या अपवादांत व्हॉट्सॲप टाका. आयफोन असेल तर हीच गोष्ट 'फोकस'मध्ये तपासा.

दुबई-अबुधाबीची गोष्ट निराळी. तिथं व्हॉट्सॲपचे मेसेज आणि व्हॉइस मेसेज चालतात, पण त्यावरचे कॉल दूरसंचाराच्या नियमांमुळे लागत नाहीत. आईच्या फोनला काही झालेलं नाही. तिथं परवानगी असलेलं बोटिमसारखं ॲप दोन्हीकडे घ्या. व्हीपीएनची, म्हणजे नेटवर आपण कुठून आहोत ते लपवणाऱ्या ॲपची, पळवाट कोणी सुचवली तरी नको, तिथल्या कायद्यात ती महागात पडू शकते.

'काढून परत टाकतो' म्हणणाऱ्याला थांबवा

ॲप काढून पुन्हा टाकणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय आणि सगळ्यात धोक्याचा. वडील गेल्यानंतर त्यांचे व्हॉइस मेसेज आईच्या फोनमध्येच उरलेले असतात, आणि कोणीतरी मदत म्हणून ॲप उडवतो. म्हणून आधी व्हॉट्सॲपच्या 'चॅट बॅकअप'मध्ये शेवटच्या बॅकअपची तारीख बघा. ती कालची असेल तर ठीक. वर्षापूर्वीची असेल तर हात लावू नका.

तारीख जुनी असण्याचं एक कारण जागा. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप २०२४ पासून गूगल खात्याच्या फुकट १५ जीबीत धरला जातो, आणि तेवढ्यातच जीमेल आणि फोटोही असतात. भरलं की बॅकअप अडतो. दुसरं कारण जास्त त्रासाचं. फोन घेताना दुकानदारानं घाईत एखादं नवं गूगल खातं उघडून दिलेलं असतं, त्याचा पासवर्ड घरात कोणालाच माहीत नसतो. फोन चालतोय तोवर काही कळत नाही. तो फुटला की बॅकअप त्या खात्यात आणि खात्याची किल्ली कुठंच नाही. आईचा फोन हातात असेल त्या दिवशी हे बघून टाका: कुठलं खातं आहे, तुम्हाला त्यात शिरता येतं का, पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायला कोणाचा नंबर दिलाय. नसेल जमत तर आईच्या नावानं नवं खातं उघडा, पासवर्ड घरातल्या वहीत लिहा, बॅकअप तिकडं वळवा आणि वायफायवर एकदा पूर्ण होऊ द्या.

ॲप इन्फोच्या 'स्टोरेज'मध्ये 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा' शेजारीशेजारी असतात. पहिलं दाबलं तरी चालतं. दुसऱ्यानं खातं बाहेर पडतं आणि बॅकअप नसेल तर गप्पा जाऊ शकतात. जागा करायची तर ती व्हॉट्सॲपच्या आतून, 'मॅनेज स्टोरेज'मधून करा. तिथं पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. सुप्रभातची फुलं आणि सणांचे व्हिडिओ बहुतेक तिथंच सापडतात. नातवंडांचे फोटो त्यात जात नाहीत ना, हे आईला शेजारी बसवून, विचारून मग पुसा. पुढं भरू नये म्हणून मीडियाचं ऑटो-डाउनलोड बंद करा.

लांबून दुरुस्ती करताना

व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन दाखवता येते. आईला साधा फोन लावा, व्हॉट्सॲपवरून तिलाच तुम्हाला व्हिडिओ कॉल करायला सांगा, मग स्क्रीन शेअरचं बटण. वरची सगळी सेटिंग्ज या वाटेनं करता येतात. पण याच सोयीनं चोरही घरात शिरतात, म्हणून आईला एक नियम द्या: स्क्रीन फक्त घरच्या माणसाला, तीही तू स्वतः लावलेल्या कॉलवर, आणि तेव्हा बँकेचं ॲप उघडायचं नाही. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड कोणालाही सांगायचा नाही, अगदी घरच्यांनी मागितला तरी. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (उघडली की फोनवर ॲप बसवणारी) आली तर ती उघडायची नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आणि दवाखान्याचा, अपघाताचा निरोप व्हॉट्सॲपवर सोडून थांबू नका, साधा फोन करा. आईच्या फोनमध्ये जवळच्या चार माणसांच्या नावाला तारा लावा आणि 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये तारांकित नंबरांचे कॉल वाजू द्या. 'रिपीट कॉलर्स' चालू केलंत तर पंधरा मिनिटांच्या आत त्याच नंबरवरून आलेला दुसरा कॉलही वाजतो.

निळ्या टिक येऊनही उत्तर येत नसेल तर फोनला दोष देऊ नका. कित्येकांना टाइप करणं जड जातं, चुकीचं काही लिहिलं जाईल याची भीती वाटते. माइकच्या चिन्हावर बोट धरून बोलायचं, सोडलं की गेलं, एवढं शिकवा. वर सरकवलं की बोट धरून ठेवावंही लागत नाही. मोकळं बोलता यायला लागलं की दोन-तीन मिनिटांचे निरोप यायला लागतात. ते पूर्ण ऐका.

सगळं करून झालं की खात्री अशी करा. फोन चार्जरवरून काढा, रात्री टेबलावर ठेवा, रात्रभर कोणी हात लावायचा नाही. चार्जिंगला लावलेला फोन झोपतच नाही, त्यामुळे तसं तपासून काही कळत नाही. सकाळी आई फोनला हात लावायच्या आधी मेसेज टाका. दोन टिक लगेच आल्या आणि आईला आवाज ऐकू गेला तर काम झालं. एकच राहिली तर बॅटरीच्या सेटिंगमधलं कुठलं तरी बटण सुटलंय, परत तिथंच जा. फोनला मोठं सिस्टिम अपडेट आलं की हीच तपासणी पुन्हा करा, कारण अपडेटनंतर यातली काही बटणं मूळ जागी गेलेली सापडतात.